दोघांची हजेरी

त्र्याण्णव साली रोह्याच्या कारखान्यात नमिताने हजेरीसाठी युनिक्स संगणकावर पहिलीच स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी, लिहिली: महिन्याची फाईल टेपवर उतरवायची, मग मशीनवरून पुसायची. टेप चढवायची राहिली, उतरवणारी कमांड फसली. काम झालं की कमांड शून्य देते, फसलं की दुसरा आकडा; पण शून्य आलं तरच पुसायचं, ही अट नमिताने घातलीच नव्हती. सगळ्यांची हजेरी पुसली गेली. आता नोकरी जाणार, या भीतीने तिला रडू फुटलं. साहेबांनी एकेका कामगाराला बोलावून विचारलं. एकूणएक जण महिनाभर हजर! चंदरनेही तेच सांगितल्यावर साहेब भडकले. "सोमवारी जिते गावात तुझं लग्न होतं! मी स्वतः जेवून आलो!" "व्हय साहेब," चंदर म्हणाला, "ड्युटी सोडून आलेलात. तुमची लावाल तशी माझी पण लावा." साहेब खिडकीबाहेर बघू लागले. नमिताने दोघांचीही हजेरी लावली.