मावळेच का?

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनाच्या घरी माझा मुलगा इंद्रनील बोटाएवढे शिशाचे सैनिक रंगवतो. त्याच्या क्लबातले बरेच जण नेपोलियनचा काळ निवडतात, कारण त्या सैनिकांचे कोट रंगीबेरंगी. हा मात्र फक्त मावळे रंगवतो. सून म्हणते, "अरे, बदल म्हणून एखादा रोमन तरी रंगव!" तो नुसता हसतो.

मला सैनिकांशी काही देणंघेणं नव्हतं. नात ऋग्वेदा माझ्याशी एकदा तरी मराठीत बोलावी, एवढीच आस होती. "जेवलीस का गं?" विचारलं की ती म्हणायची, "येप, हीप्स, आजोबा!" हीप्स म्हणजे इथल्या बोलीत भरपूर.

काल दुपारी तिच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "दरवाजा लावा रे! शत्रू आला! आणि तू झोपलास काय, ऊठ!"

मी आत डोकावलो. जमिनीवर बाबाचे मावळे मांडून ती हुकूम सोडत होती.

"अगं, तुला मराठी येतं की!"

"दे डोन्ट नो इंग्लिश, आजोबा. बाबा टोल्ड मी. म्हणून त्यांच्याशी मराठी."



आज सकाळी मी फेटा बांधून नाश्त्याला बसलो.