बस समिती

शाळा मंडळाच्या जानेवारीतल्या वार्षिक बैठकीत नव्या सदस्यांची शपथ आणि समित्यांची वाटणी व्हायची होती. यादी आधीच तयार असावी म्हणून चिटणीस लोवेल अर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आठवीत शाळा सोडलेली ही म्हातारी बहात्तराव्या वर्षी मंडळावर निवडून आली, याचं नेब्रास्कातल्या त्या गावाला अजून नवल वाटत होतं.

"आजी, खेळ समिती घ्या. फुटबॉल फुकटात, पुढच्या रांगेतून."

"माझ्या गुडघ्यांचाच रोज सामना असतो. मला बस समिती लिही."

"ती कुणी मागत नाही हो! बर्फात बस अडकली की पालकांच्या शिव्या खायच्या."

"त्यांनी माझ्या अजून ऐकल्या नाहीत. लिही मुकाट्यानं."

लोवेलनं हसत लिहिलं. "आणि पहिला ठराव?"

"आमच्या फाट्यावरचा थांबा हायवेच्या अलीकडे आणायचा. पोरांना रस्ता ओलांडायला लागू नये."

लोवेलचं पेन थांबलं. "आजी... तुमची मॅरेन तिथं गाडीखाली गेली, तेव्हापासून त्या थांब्यावर कुणी चढतच नाही."



अर्डिसबाईंनी फ्रिजवरचं, नातीच्या फोटोशेजारचं, त्याच्याच सहीचं जुनं पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं: "एकाच मुलीसाठी थांबा हलवता येणार नाही."