मागच्या रांगेतला रंगारी

"ती बघा, डावीकडून तिसरी. माझी मुलगी," रंगाऱ्याने शेजारच्या बाईंना सांगितलं. न विचारताच सांगितलं.

"गोड आहे हो," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर गप्प बसेल तो रंगारी कसला! "फार्मसीला आहे. अर्धी फी ही संस्था भरते, उरलेल्या अर्ध्यासाठी बँकेने कर्ज दिलंय. ते नोकरी लागल्यावर तीच फेडणार. मला म्हणाली, तुम्ही आता काळजी सोडा."

कार्यक्रमाला येऊ नका, नुसती भाषणं असतात, हेही ती म्हणाली होती. पण राहवतंय कुणाला! भिंत अर्धी रंगवून, नखांतला रंग तसाच घेऊन तो आला आणि मागच्या रांगेत शिरला. व्यासपीठावर पांढरे कोट घातलेली मुलं ओळीने उभी होती. त्याला त्यातली आपली तेवढी दिसत होती.

निवेदक माइकपाशी आला. "ज्यांचे वडील हयात नाहीत, अशाच मुलांना आपली संस्था मदत करते. तर या मुलांच्या दिवंगत वडिलांना आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले म्हणून रंगारीही उभा राहिला. मग ऐकलेलं डोक्यात शिरलं. दिवंगत? कोण दिवंगत? आपण? सकाळी बायकोशी हुज्जत घालून, दोन कप चहा ढोसून निघालेला धडधाकट माणूस, आणि इथे भरलं सभागृह त्याच्यासाठी मान खाली घालून उभं! पोरीने फीसाठी बापाला मारलं होतं. बसावं, पळावं, ओरडावं, काही सुचेना. तो तसाच उभा राहिला, स्वतःलाच आदरांजली वाहत.

लोक बसले. शेजारच्या बाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुम्ही तर म्हणालात, माझी मुलगी."

खरं बोललं तर फी गेली, कॉलेज गेलं, पोर चारचौघांत खोटी ठरली. कर्ज तेवढं मानगुटीवर राहिलं.

"मुलगीच म्हणायची," तो म्हणाला. "भावाची आहे. मी काका."

"अगं बाई!" बाईंचे डोळे भरून आले. चांगल्या माणसांना नको तेव्हा चांगुलपणाचा उमाळा येतो. त्यांनी हात उंच करून हाक मारली, "अहो, तिचे काका आलेत! इथे बसलेत, मागे!"

निवेदकाने त्याला वर बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मधल्या वाटेने तो चालत निघाला तेव्हा पोरीने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. तो पायऱ्या चढून तिच्या शेजारी उभा राहिला. राग आला होता त्याला, भयंकर राग आला होता. पण तिचे ओठ हलले, आणि ती आता काय बोलून बसणार ते त्याला कळलं.

"रडू नकोस गं," तो घाईघाईने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काका आहे ना."

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळे टिपले. निवेदकाने माइक त्याच्या तोंडाशी धरला. "काका, भावाबद्दल दोन शब्द सांगा."

रंगाऱ्याने नखांतला रंग मुठीत लपवला.

"साधा होता," तो म्हणाला. "पोरीवर जीव होता त्याचा. पण शिकवायची ऐपत नव्हती."

तो थांबला. सगळे पुढचं ऐकायला थांबले होते.

"म्हणून गेला."