शेजारचं दार

दार उघडलं तेव्हा समोर ठरलेली नटी नव्हतीच. पांढरा शर्ट, काळा टाय, छातीवर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकाच्या नावाची पट्टी, अशा वेशातले दोघे तरुण नट चुकून शेजारचंच दार वाजवून बसले होते. मागे गल्लीत कॅमेरा चालू होता.

“आलात बाई एकदाचे!” दार उघडणारी म्हातारी म्हणाली. “डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला दोघं लागतात ना आपल्या पंथात? या आत.” तिनं आशीर्वादाच्या तेलाची इवलीशी बाटली दोघांतल्या निनादच्या हातात कोंबली.

खाटेवर तिचा नवरा धापा टाकत होता. दारातून दिग्दर्शक खुणावत होता, चालू दे! भूमिकेसाठी घोकून घोकून पाठ केलेली प्रार्थना निनादच्या जिभेवर होती, पण खाटेवरचं दुखणं खरं होतं. त्यानं छातीवरची पट्टी उपटली.

“आजी, आम्ही प्रचारक नाही. सिनेमातले नट आहोत.”

म्हातारीचा चेहरा पडला. खाटेवरून मात्र खरखरीत आवाज आला, “नट ना? मग पाठ असेल. म्हण.”

निनाद दाराकडे वळला. “कॅमेरा बंद करा,” म्हणाला आणि त्यानं बाटलीचं बूच काढलं.