मापाचं रक्त

सोमवारी सकाळी धाकटीच्या पांढऱ्या पेशी पुन्हा घटल्या होत्या.

"किती?" मागून कोणीतरी विचारलं.

"गेल्या खेपेपेक्षा कमी," ती म्हणाली आणि यंत्रातून आलेली पट्टी घडी करून एप्रनच्या खिशात टाकली.

घरात दोघी बहिणींत ती धाकटी, वर्गातही वयाने सगळ्यांत लहान. त्यामुळे वेगळ्या नावाचा खर्च कोणी केलाच नव्हता. रक्त आणि पेशी तपासायला शिकवणाऱ्या जीववैद्यक अभ्यासक्रमाचं हे तिचं शेवटचं वर्ष. पुढे मोठ्या इस्पितळात प्रत्यक्ष काम, मग तिथेच नोकरी. अट एकच, तब्येतीचा दाखला. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार; बेसुमार वाढल्या तर रक्ताचा आजार, घटल्या तर राखणच नाही. ज्या मुलीचे राखणदारच पळून चाललेत, तिला रुग्णांजवळ कोण फिरकू देणार?

"आपल्या घरातलं प्रत्येक माणूस इस्पितळात बिल भरायला गेलंय," आई उठताबसता म्हणायची. "पगार घ्यायला जाणारी तू पहिली."

म्हणून आईला तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं.

बरं, एकट्या तिचं असतं तर नशिबाला बोल लावून मोकळं होता आलं असतं. इथे सगळा वर्गच घटत होता. दर आठवड्याला थोडा, आणि सगळे एकाच चालीने, जणू एकाच टाकीला गळती लागलीय. सरांनी स्वतःचं रक्त लावून पाहिलं, तेही घटलेलं. प्रयोगशाळा तळघरात. पूर्वी तिथे प्रेतं ठेवत, असं झाडूवाली सांगे. तिलाही ते तिच्या सासूने सांगितलेलं. औषधांच्या बरण्या बाहेर हलवल्या, झरोके उघडे ठेवले. आकडे उतरतच राहिले. एका मुलीने तर यायचंच सोडलं.

"ही खोली पिते," एक जण म्हणाला. हसण्यासाठीच म्हणाला होता, पण हसलं कोणी नाही. त्या दिवसापासून दिवा मालवायला शेवटी थांबायला कोणी तयार होईना.

अपवाद फक्त वर्गातल्या पैलवानाचा.

वर्षाच्या सुरुवातीला यंत्र जुळवायला लागणारी, पेशी आधीच मोजलेल्या रक्ताची बाटली आलीच नव्हती. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि सर्वांत रुंद छातीवर बोट ठेवलं. "वाणी एका पारड्यात किलोचं वजन ठेवतो ना? आपलं वजन हा. याच्या पेशी निरोगी माणसासारख्या सात हजार धरायच्या, यंत्र तसं लावायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी तोलायचं." तेव्हापासून दर सोमवारी पहिला दंड पैलवानाचा, आणि त्याच्या रक्तावर यंत्र नव्याने जुळवायचं. सात हजार म्हणजे सात हजार, वर नाही, खाली नाही.

तो धाकटीच्याच बाकावर बसे.

"तुझं बरंय बाबा," ती म्हणाली. "तुला ही खोली हात लावत नाही."

"घाबरते मला." त्याने मानेवरचा घाम पुसला. बाकीचे स्वेटरात होते. त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि डबा तिच्याकडे सरकवला. "खा. तुला जास्त गरज आहे."

"आणि तू?"

"माझं हल्ली एवढ्यातच पोट भरतं. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, बघ. लोक यासाठी व्यायामशाळेत पैसे ओततात."

ती खात राहिली. त्याच्या दंडावर मागच्या सोमवारची सुईची खूण अजून निळी होती. त्या खुणेकडे बघता बघता तिच्या मनात नको ते आलं. आपल्या सगळ्यांचं जे जातंय, ते जातं कुठे? कुठेतरी जमा होत असेलच ना? तिने घास कसाबसा गिळला आणि बाकावर थोडी पलीकडे सरकली.

दाखल्याच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा इस्पितळाच्या खिडकीपाशी ती सगळ्यांत आधी उभी होती. कागद हातात आला. पेशी व्यवस्थित. तिने पुन्हा वाचला.

"दाखला मिळाला म्हणून रडणाऱ्या तुम्हीच पहिल्या," खिडकीतला कारकून म्हणाला.

रात्री तिने आईला सगळं सांगितलं. आईने आधी कानउघाडणी केली, मग कुशीत घेतलं.

सोमवारी तळघरात आणखी एक आनंद वाट पाहत होता. मोजणीच्या रक्ताची बाटली शेवटी आली होती. सरांनी त्या रक्तावर यंत्र जुळवलं आणि एकेकाचं रक्त लावून पाहिलं. धाकटी, व्यवस्थित. तिच्या मागची, व्यवस्थित. सर स्वतः, व्यवस्थित. पट्ट्या हातोहात फिरू लागल्या. किती दिवसांनी त्या खोलीत हसणं ऐकू आलं. खोली कोणाचाच थेंब प्यायली नव्हती.

"पैलवान, तुझी नोकरी गेली रे," कोणीतरी म्हणालं. "वजन बदललं."

"गेली तर गेली." तो बाही वर करत खुर्चीत बसला. "आता मलाही एकदा तोला, सर. वर्षभर सगळ्यांना माझ्याशी ताडलंत, मला कशाशीच नाही."

सरांनी हसतच रक्त घेतलं. यंत्र घुरघुरलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

धाकटी पडद्यापाशी उभी होती. तिच्या हातात त्याचा डबा होता, दोन घास कमी झालेला.

"किती?" पैलवानाने विचारलं.

पडद्यावर आकडा नव्हताच. यंत्राची मोजणी जिथे संपते त्याच्याही पुढचं दाखवणारा एक बाण तेवढा होता, सरळ वर.