विदर्भाची एकच जागा

घरच्या माणसाच्या नावावर केलेली गोष्ट कधी कुठे जात नाही, असं हिंगणघाटात सगळेच मानतात. तालुका कोर्टातली निम्मी प्रकरणं याच समजुतीतून आलेली आहेत.

सपनानेही मोबाइल गेमच्या लीगमध्ये टीम नोंदवताना मालक म्हणून हेमराज भाऊजींचं नाव टाकलं. मग दोन महिने खेळून तिच्या चौघींनी आर्वीपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना पाणी पाजलं आणि राज्य फेरीतली विदर्भाची एकुलती एक जागा पटकावली.

निघायच्या आदल्या दिवशी यादी आली. टीमचं नाव तेच होतं, खेळाडू मात्र पुण्याची चार पोरं होती.

"भाऊजी, आमची जागा विकून टाकली तुम्ही?"

"चिडून काऊन राह्यली? पंधरा हजार नगद भेटले. तिथं तुमी एक तरी मॅच जिंकल्या असत्या का? हात हालवत वापस आल्या असत्या."

"घरातच आले ना वं पैसे," ताईने चहाचा कप पुढे केला.

राज्य फेरीत ती पुण्याची पोरं एकही मॅच न जिंकता शेवटची आली.



शेवटच्या नंबराचं बक्षीस दोन लाख होतं.