कोयत्याचं ॲप

ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी बनवलेलं ॲप पहिल्या झटक्यात सुरू झालं, तशी स्वप्नाली लॅपटॉप घेऊन चुलीपाशी धावली. आईला कधी दाखवीन असं तिला झालं होतं.

“बघ माय, गाभा एवढासाच ठेवलाय. कोयता आन् गड्याचं नाव, बस. बाकी सगळी प्लगइन. पाहिजे ते जोडायचं, नको ते काढायचं, गाभ्याला धक्का न्हाई. हे पावसाच्या अंदाजाचं, हे दवाखान्याचं, हे बायकोच्या नावाचं.”

टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. भिवराबाईनं नवऱ्याच्या, बजरंगच्या जोडीनं असे बावीस हंगाम काढले होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“माझं नाव काढून दाव बरं.”

स्वप्नालीनं हसत बटण दाबलं. भिवराबाईचं नाव गेलं. बजरंगचा कोयता पडद्यावर तसाच हिरवागार राहिला.

“बघितलंस? काहीच बंद पडलं न्हाई.”

“लई भारी केलंस, पोरी,” भिवराबाई म्हणाली. “फडात मी एक दिवस तापानं पडलते. त्या दिवशी तुझ्या बापाची एकबी मोळी गाडीत गेली न्हाई.”